रक्तदाब उतरण्याची वाट पाहू नये: शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्रीचे निरीक्षण

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आत रक्तस्राव सुरू झाला, तरी शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि हृदयाची गती वाढवून रक्तदाब बराच वेळ सावरून धरते. प्रौढ रुग्णाचे जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा आकडा समाधानकारक दिसू शकतो. म्हणून रात्रपाळीच्या परिचारिकेने नाडी, श्वसन आणि लघवी यांकडे आधी पाहावे.

श्वसनाचा दर अंदाजाने लिहू नये. चार्टवर रात्रभर एकाखाली एक '१८' दिसले, तर ते मोजलेले नसावेत अशी शंका घ्यावी. मोजत आहोत हे कळले की रुग्णाची लय बदलते. त्यामुळे नाडी पाहून झाल्यावरही मनगट तसेच धरून ठेवावे, नजर छातीवर वळवावी आणि घड्याळाप्रमाणे पूर्ण एक मिनिट मोजावे. तेवढ्यात हात गार व घामेजलेला आहे का, हेही हाताला कळते.

समजा, रात्री १० वाजता नाडी ८४, श्वसन १६ आणि रक्तदाब ११८/७६ होता, आणि १ वाजता तेच आकडे ११२, २२ आणि ११४/८४ झाले. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या न्यूज-२ पद्धतीत (यात नाडी, श्वसन अशा नोंदींना धोक्यानुसार गुण देतात; गुण जास्त तितका धोका जास्त), बाकी नोंदी सामान्य असल्यास, याचे ४ गुण होतात, आणि तातडीच्या प्रतिसादाची मर्यादा ५ आहे. तरीही येथे थांबू नये, असे माझे ठाम मत आहे. तीन तासांतील हा कल आणि वरच्या-खालच्या आकड्यांमधील कमी झालेले अंतर गुणांपेक्षा अधिक सांगतात. वेदनेमुळेही नाडी वाढते हे खरे, पण वेदनाशामक देऊनही ती उतरत नसेल, तर कारण दुसरे शोधावे लागते. हृदयाची गती कमी ठेवणारे अटेनोलॉलसारखे औषध घेणाऱ्याची नाडी मात्र वाढणारही नाही. पोटातील रक्त व द्रव बाहेर आणणारी नळी, म्हणजे ड्रेन, रिकामी दिसली तरी तिच्यावर विसंबू नये, कारण गुठळीने ती बंद झालेली असू शकते. ६० किलो वजनाच्या रुग्णाची लघवी तासाला ३० मिलीपेक्षा कमी असल्यास ती नोंद महत्त्वाची ठरते. "आई नेहमीसारखी बोलत नाही," हे मुलीचे शब्दही चार्टवर लिहावेत.

डॉक्टरांना फोनवर "पेशंट बरा वाटत नाही" एवढेच सांगू नये. "खाट सातवरील रुग्णाची नाडी तीन तासांत ८४ वरून ११२ झाली आहे, लघवी कमी आहे, मला आतील रक्तस्रावाची शंका आहे, आपण आत्ता येऊन पाहावे," असे स्पष्ट सांगावे. फोनची वेळ लिहावी, शिरेतील सुई चालू असल्याची खात्री करावी, दर १५ मिनिटांनी नोंदी घ्याव्यात, आणि डॉक्टरांना येण्यास उशीर होत असेल तर वरिष्ठांना कळवावे.