जुनी स्पोर्ट्स बाईक देऊन ऐसपैस नवी कशी निवडावी

‘जास्त सीसीची घे, ती मोठीच असते’ हा सल्ला चिपळूणच्या निम्म्या गॅरेजांवर फुकट मिळतो, आणि तो चुकीचा आहे. इंजिन वाढलं म्हणून गुडघ्याला जागा वाढत नाही. मी स्वतःसाठी आणि मित्रांसाठी अशा बऱ्याच गाड्या बघितल्या, चालवल्या, घेतल्या. पहिल्या खेपेला मी ज्या टप्प्यावर चुकलो, तिथेच बहुतेक जण चुकतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. बाकीचं थोडक्यात.

१. बजेट ठरवा आणि ३५० सीसीची रेघ लक्षात ठेवा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीवर १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाडीवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा दरही ३५० सीसीनंतर बदलतो, आणि नव्या गाडीला हा विमा पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्यामुळे अपाची आरआर ३१०, निन्जा ३०० किंवा यामाहा आर३ एका बाजूला आणि बारामतीत बनणारी एप्रिलिया आरएस ४५७ दुसऱ्या बाजूला, असा हिशेब ऑन-रोड किमतीवरच करा.

२. सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा

प्रत्येक सर्व्हिसला घाट चढून कऱ्हाड किंवा कोल्हापूर गाठावं लागणार असेल, तर ते आजच कळलेलं बरं. सुटा पार्ट मागवला तर यायला किती दिवस लागतात, हे सेल्समनला न विचारता तीच गाडी वापरणाऱ्याला विचारा.

३. जुन्या गाडीचं माप घ्या

ही पायरी कुणीच सांगत नाही, आणि इथूनच खरं काम सुरू होतं. शिंप्याची टेप घ्या. जुनी गाडी सरळ उभी धरायला कुणाला तरी सांगा आणि तीन अंतरं वहीत लिहा: तुम्ही जिथे बसता तिथपासून फूटरेस्टच्या वरच्या कडेपर्यंत, तिथूनच हँडलच्या मुठीपर्यंत, आणि मूठ सीटपेक्षा किती वर आहे ते. शेजारी लिहा की ही गाडी तुम्हाला नेमकी कुठे दुखवते: गुडघा, मनगट, मान की कंबर. हे लिहिल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका. ‘जागा कमी पडते’ एवढ्याने काही ठरत नाही. गुडघा दुखणाऱ्याला जी गाडी लागते, ती मनगट दुखणाऱ्याला लागेलच असं नाही.

४. बसून बघा, पण माझ्यासारखं नाही

माझी उंची पाच फूट अकरा इंच. दीडशे सीसीची जुनी गाडी देऊन मोठ्या इंजिनची घ्यायला गेलो, दोन मिनिटं सीटवर बसलो, दोन्ही पाय जमिनीला व्यवस्थित टेकले आणि पैसे भरले. पहिल्याच पुण्याच्या फेरीत पोफळीपासून कुंभार्ली घाट चढलो आणि हेलवाक यायच्या आत उजवा गुडघा ठणकायला लागला. पाटणला उतरून पाय सरळ करत पंधरा मिनिटं उभा होतो. परतीला त्याच घाटाच्या उतारावर ब्रेक मारताना सगळं वजन मनगटांवर आलं, आणि खाली येईपर्यंत बोटांना मुंग्या आल्या. ती गाडी मी वर्षभरात तोटा सोसून विकली.

चूक ही की मी पाय जमिनीवर ठेवून गाडी जोखली. गाडी चालवताना पाय जमिनीवर नसतात, फूटरेस्टवर असतात.

माहितीपत्रकातला सीटच्या उंचीचा आकडा इथेच फसवतो. निन्जा ३०० ची सीट ७८० मिमी, आरएस ४५७ ची ८००, आरआर ३१० ची ८१०, यामाहा आर१५ ची ८१५. हे आकडे सिग्नलला पाय टेकेल का, एवढंच सांगतात. गुडघा किती दुमडेल ते सीट आणि फूटरेस्ट यांच्यातल्या अंतरावर ठरतं, आणि ते अंतर माहितीपत्रकात छापत नाहीत. स्पोर्ट्स गाडीचे फूटरेस्ट मुद्दाम वर आणि मागे असतात, गाडी वळणावर झुकली की ते रस्त्याला घासू नयेत म्हणून. सीट बुटकी आणि फूटरेस्ट वर, हा जोड उंच माणसाचा गुडघा खातो. तेव्हा उंच सीटला घाबरू नका. पायाच्या चवड्यांवर गाडी तोलता येत असेल तर तीच सीट गुडघ्याला जागा देण्याची शक्यता जास्त.

आता बसायची पद्धत. गाडी साइड स्टँडवर नको. पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी धरणारा स्टँड) लावायला सांगा, नाहीतर दोघांना ती सरळ धरायला लावा. रोज घालता तेच बूट आणि तीच पँट हवी, हेल्मेटही डोक्यावर हवं. दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवा, मांड्यांनी टाकी दाबून धरा आणि हँडल सोडा. पोट आणि मांड्यांच्या जोरावर पाठ तशीच राहिली, तर गाडी तुमच्या मापाची आहे. छाती टाकीवर कोसळत असेल तर घाटाच्या उतारावर तो भार मनगटं उचलणार. टाकीची खाच मांडीला लागते की गुडघ्याच्या वाटीला, हेही बघा. वाटीला लागत असेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही, कितीही देखणी असली तरी.

क्लिप-ऑन हँडल, म्हणजे पुढच्या फोर्कच्या (शॉकअपच्या) दोन नळ्यांना वेगवेगळे जोडलेले दोन दांडे, फोर्कच्या वरच्या पट्टीच्या वर बसवलंय की खाली, हे डोळ्यांनी बघा. आरएस ४५७ वर ते पट्टीच्या वर आहे, आर१५ वर खाली. खालचं हँडल ट्रॅकसाठी उत्तम. चिपळूण-गुहागर रोज करणाऱ्याने ते घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

असे वीस मिनिटं बसा. सेल्समन घाई करेल, करू द्या. दहा मिनिटांपर्यंत प्रत्येक गाडी चांगलीच वाटते, शरीर त्यानंतर खरं बोलतं. मग टेप काढून तीच तीन मापं घ्या आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून बघा. सीट ते फूटरेस्ट अंतर तीन सेंटिमीटरने जरी वाढलं, तरी घाटात मला लगेच फरक जाणवतो.

‘आत्ता घेऊ, नंतर हँडल उंच करू’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. हँडल उंच केलं की क्लचची केबल आणि ब्रेकचा होज ताणला जातो, आणि हँडल पूर्ण वळवलं की ते फेअरिंगला (गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाला) किंवा टाकीला अडकतं. सीटचा फोम वाढवून गुडघ्याला जागा मिळते, पण तितकंच तुम्ही हँडलच्या वर जाता आणि मनगटांवरचा भार वाढतो. मापात नसलेली गाडी जोडकामाने मापात येत नाही.

५. टेस्ट राइड

शोरूमसमोरच्या गोल चकरेला टेस्ट राइड म्हणू नका. तीच गाडी असलेला कुणी शोधा, त्याच्या टाकीत पेट्रोल भरा आणि तासभर चालवा. त्यात घाटाचा उतार हवाच. धोपावे-दाभोळ जेट्टीचा ओला उतार गाठलात तर आणखी चांगलं. फेरीबोटीत चढण्याआधी त्या उतारावर गाडी पायावर थांबवता आली पाहिजे. मागे कुणी बसणार असेल तर त्या माणसालाही घेऊन जा. स्पोर्ट्स गाडीची मागची सीट उंच आणि अरुंद असते, त्याबद्दलचं मत त्यांनाच देऊ द्या.

६. जुनी (सेकंडहँड) घेत असाल तर

खालची फेअरिंग काढून दाखवायला सांगा. समुद्राकाठच्या गाडीचे बोल्ट, रेडिएटर आणि सायलेन्सरचा जोड आधी गंजतात, आणि जांभ्याचा लाल चिखल रेडिएटरच्या जाळीत बसतो. फेअरिंग काढायला नकार मिळाला तर निघा.

७. जुनी गाडी देताना

एक्स्चेंजला द्या किंवा बाहेर विका, मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून भागत नाही. आरसीवर नवं नाव चढलेलं दिसेपर्यंत पाठपुरावा करा.

८. डिलिव्हरीच्या दिवशी

गाडी घरी आणण्याआधी क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा कोन तुमच्या हाताप्रमाणे लावून घ्या. हात कोपरापासून बोटांपर्यंत एका रेषेत यायला हवा. पाच मिनिटांचं काम आहे, तिथेच उभे राहून करवून घ्या.