पीचची कोय फेकू नका. नाशिककरांनी दसऱ्यापर्यंत करायची तयारी

बाजारात सध्या पीचचा शेवटचा माल आहे. फळ खाऊन कोय कुंडीत खोचणारे बरेच असतात आणि महिना-दोन महिने वाट पाहून ‘आपल्या हवेत हे येत नाही’ म्हणून सोडूनही देतात. नाशिकमध्ये पीचचं रोप बियांपासून चांगलं होतं. अडतं ते कोय कुठल्या फळाची आणि तिला थंडी कधी मिळाली, यावर.

जुलै-ऑगस्टमध्ये येणारं पीच बहुतेक हिमाचल-काश्मीरकडचं. त्याची बी पूर्ण पोसलेली असते, रोपही जोमानं वाढतं. पण एल्बर्टासारख्या जातींना फुलायला 7 अंशांखालची थंडी 700-800 तास लागते. निफाडचा पारा 5-6 अंशांवर येतो तो पहाटेपुरता. दुपारी पुन्हा ऊन तापतं. म्हणजे झाड वाढेल, फुलणार नाही. उलट एप्रिल-मेमध्ये पिकणाऱ्या शान-ए-पंजाब, फ्लोरडासन, अर्ली ग्रँड या जाती साधारण 150 ते 300 तासांत भागवतात. पण त्यांचं फळ इतकं लवकर पिकतं की बी भरायच्या आत गर तयार होतो. कोय फोडली की आत पातळ, सुरकुतलेली बी निघते. ती रुजत नाही.

म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे. आत्ताच्या फळांच्या कोयी खुंटासाठी, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या रोपासाठी, धरा आणि त्यावर कमी थंडीच्या जातीचं कलम करा. डॉगरिज या खुंटावर द्राक्षं घेणाऱ्या आपल्या जिल्ह्याला खुंट-कलम वेगळं शिकवायला नको.

कोयी ब्रशनं घासून गराचा धागाही ठेवू नका, नाहीतर बुरशी येते. सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवा. दसऱ्याच्या सुमारास फोडा. हातोडी घसरते आणि बी चेंगरते. वाइसमध्ये (शिकंज्यात) कोय शिवणीच्या बाजूनं धरून हळूहळू आवळली की ‘टक्’ आवाज होऊन दोन शिंपा सुटतात. आतली बी बदामासारखी दिसते, पण खायची नाही. तिच्यातून सायनाइड सुटतं. लहान मुलांसमोर उघडी ठेवू नका.

बी रात्रभर पाण्यात भिजवून ओलसर कोकोपीटमध्ये, झिपच्या पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नाही. कोकोपीट मुठीत दाबलं तर थेंब पडू नये, एवढाच ओलावा. आठ ते बारा आठवडे लागतात. दर पंधरवड्याला पिशवी उघडून पाहा. काळी पडलेली बी काढून टाका. टोकाकडून पांढरं मूळ डोकावलं की पेरणीची वेळ झाली. इथे घाई नडते. थंडी कमी पडलेल्या बियांची रोपं उगवतात, पण पानं एकाच जागी गुच्छ करून बसतात, शेंडा वर सरकत नाही. सगळ्यांत आधी मूळ फुटलेल्या बियांवर खूण करा. बीला थंडी कमी लागली तर झाडालाही कमी लागण्याची शक्यता असते. असं एखादं रोप कलम न करता राखून पाहायला हरकत नाही.

पेरणी डिसेंबर अखेरीस, फूटभर खोल पिशवीत, तीन-चार सेंटीमीटरवर, मूळ खाली करून. पोयटा माती, वाळू आणि मुरलेलं शेणखत पुरे. माती डाळिंबाच्या जुन्या बागेतली किंवा टोमॅटोच्या प्लॉटमधली आणू नका. सूत्रकृमी (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म अळ्या) सोबत येतात आणि पीचची मुळं त्यांना फार लवकर बळी पडतात. एप्रिल-मेमध्ये दुपारची सावली द्या.

खरी परीक्षा पावसाळ्यात. पीचच्या मुळांना साचलेलं पाणी अजिबात सोसत नाही, दोन-चार दिवसांत पानं पिवळी पडतात. इगतपुरी-त्र्यंबककडच्यांनी रोप पहिल्या वर्षी पिशवीतच, पागोळीपासून दूर ठेवावं. काळ्या जमिनीत लावायचं असेल तर मुरूम मिसळून उंच गादीवाफा करा. सिन्नर-चांदवडकडच्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनी याला जास्त मानवतात.

पुढच्या जानेवारीत पानगळीत असताना खोड पेन्सिलीएवढं झालं की जीभ कलम करा. कलमाची, कमी थंडीच्या जातीची काडी खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणा. फळ धरायला त्यानंतर दोन-तीन वर्षं जातात. फळ गेल्या वर्षीच्या काडीवरच लागतं, त्यामुळे दर हिवाळ्यात छाटणी चुकवू नका. डोळे फुटावेत म्हणून द्राक्षाला वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड घरच्या झाडावर मारू नका; ते विषारी आहे आणि वेळ चुकली तर झाडाचे डोळे जळतात. फळ पिकू लागलं की फळमाशी येते. कागदी पिशव्या त्याआधीच, फळ हिरवं असतानाच बांधा.

एकरभर लावायचा विचार मात्र आत्ता नको. दोन-तीन झाडं बांधावर किंवा परसात लावा.