फायटरची फायटिंग स्टाइल निवडताय? आधी या चुका टाळा

गेली काही वर्षं आमच्या ग्रुपला डंजन्स अँड ड्रॅगन्स (पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ) मी चालवतोय, आणि दर नव्या कॅम्पेनला (अनेक बैठकांत चालणाऱ्या गोष्टीला) पहिल्याच दिवशी फायटर, म्हणजे लढवय्या पात्र, घेतलेला कुणीतरी मोबाइल पुढे करतो, हे बघ दादा, हीच फायटिंग स्टाइल (फायटरने निवडायची लढण्याची खासियत) बेस्ट आहे, सगळ्यात जास्त डॅमेज. मग तीनचार सेशननंतर तोच माणूस तोंड पाडून बसलेला असतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतोय. आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे आहेत, २०२४ च्या नियमात फरक आहे तिथे सांगेन.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्टाइलची तुलना फक्त डॅमेजवर करणं. पहिल्या लेव्हलला स्ट्रेंग्थचा (ताकदीचा बोनस) +३ धरला तर दोन शॉर्टसोर्ड आणि टू वेपन फायटिंग (दुसऱ्या हाताच्या वारालाही ताकदीचा बोनस) म्हणजे दोन्ही वार लागल्यावर सरासरी १३, ग्रेटसोर्ड आणि ग्रेट वेपन फायटिंग (दोन हातांनी धरायच्या शस्त्राची स्टाइल) म्हणजे साधारण ११.३, आणि लाँगसोर्ड, ढाल, ड्युएलिंग (एका हातातल्या शस्त्राला +२ डॅमेज) म्हणजे ९.५. हे बघितलं की नवीन माणूस डोळे झाकून दोन तलवारी घेतो. पण या हिशोबात दोन गोष्टी नसतात, एक म्हणजे ढाल गेली की एसी (आर्मर क्लास, शत्रूचा वीस बाजूंचा फासा अधिक त्याचा अटॅक बोनस इथवर पोचला तरच फटका लागतो) २ ने खाली येतो, आणि दुसरी म्हणजे तो दुसरा वार दर टर्नला तुमची बोनस ॲक्शन (मुख्य ॲक्शनशिवाय टर्नला मिळणारी एकच छोटी कृती) खातो.

हे आमच्या टेबलवर फार वाईट पद्धतीने कळलं. तिसऱ्या लेव्हलची पार्टी, अरुंद दगडी पूल, समोरून दोन ओगर (धिप्पाड राक्षस). आमचा फायटर दोन शॉर्टसोर्डवाला, चेन मेल घातलेला, एसी १६, हिट पॉइंट (जीव) २८, आणि त्याच्या मागे विझर्ड (जादूगार) आणि क्लेरिक (पुजारी). ओगरचा एक फटका सरासरी १३ चा असतो. पहिल्याच राउंडला एक बसला आणि फायटर निम्म्यावर आला. आता त्याच्याकडे सेकंड विंड होतं, १डी१० (दहा बाजूंचा एक फासा) अधिक ३ हिट पॉइंट परत, पण ते पण बोनस ॲक्शननेच वापरायचं असतं. मी विचारलं, नक्की वार करायचाय? तर म्हणाला हो, डॅमेज वाया कशाला घालवू. पुढच्या राउंडला दोन्ही ओगरचे फटके लागले, फायटर खाली पडला, पूल मोकळा झाला आणि विझर्ड दोन फटक्यात आडवा. फायटरचे डेथ सेव्ह (खाली पडल्यावर जगतो की मरतो याचे फासे) एकामागून एक फसले. चार महिने खेळवलेलं, मागची गोष्ट वहीत लिहून आणलेलं कॅरेक्टर होतं ते, आणि त्या रात्री कुणालाच पुढे खेळायची इच्छा राहिली नाही.

घरी जाऊन मी आकडे मांडले. ओगरचा अटॅक +६, म्हणजे एसी १६ ला तो ५५ टक्के वेळा लागतो, ढाल घेऊन एसी १८ केला तर ४५, आणि ढालीवर डिफेन्स स्टाइल (एसीला +१) घेऊन १९ केला तर ४०. स्वतःचं डॅमेज तेराऐवजी साडेनऊवर ठेवून ड्युएलिंगवाला तिथे उभा असता तर बोनस ॲक्शन सेकंड विंडला मोकळी होती आणि वरून ढाल होती. वाचलाच असता असं मी म्हणत नाही, फासे शेवटी फासे आहेत, पण त्याने काय देऊन काय घेतलं हे त्याला माहीतच नव्हतं आणि मला वाईट वाटतं ते याचं.

बरं, तो १३ चा आकडा पुढे टिकत पण नाही. पाचव्या लेव्हलला (स्ट्रेंग्थ +४, ॲक्शनमध्ये दोन अटॅक) सगळे वार लागले तर दोन शॉर्टसोर्ड २२.५, ग्रेटसोर्ड २४.७, ड्युएलिंग २१. अकराव्या लेव्हलला (+५) तीन अटॅक मिळाले की हेच ३४, ४० आणि ३४.५, म्हणजे ढालवाला दोन तलवारींच्या पुढे जातो, कारण ॲक्शनमधले वार वाढत जातात आणि बोनस ॲक्शनचा वार एकच राहतो. २०२४ मध्ये सिमिटर किंवा डॅगरवर निक मास्टरी (शस्त्राचा खास गुण) असेल तर तो जादा वार ॲक्शनमध्येच बसतो, तिथे दोन तलवारींबद्दल माझं मत बरंच मवाळ आहे.

आर्चरीवाल्यांची वेगळी तऱ्हा. +२ हा अटॅकला आहे, डॅमेजला नाही, हे दर वेळी सांगावं लागतं. स्टाइल जबरदस्त आहे यात वाद नाही, एसी १५ समोर +५ चा +७ झाला की ५५ टक्क्यांचे ६५ होतात. पण शत्रू पाच फुटांत आला की डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी आलेला घ्यायचा), आणि मध्ये आपलाच मित्र उभा असेल तर शत्रूला अर्ध्या आडोशाचा +२ एसी, म्हणजे स्टाइलने दिलेलं सगळं मित्राच्या पाठीने खाल्लं. मी स्वतः तिरंदाज खेळतो तेव्हा फासा उचलायच्या आधी मॅपवर पेन आडवं ठेवून रेषा बघतो आणि गरज पडली तर एक चौकोन सरकतो. दोन सेकंदांचं काम आहे, पण लोकांना तेवढा पण धीर नसतो. फेकलेल्या जॅव्हलिनला हा +२ मिळत नाही, ते मेली (हातघाईचं) शस्त्र आहे. आणि हेवी क्रॉसबो घेऊन पाचव्या लेव्हलला दोन बाण मारायला जाऊ नका, लोडिंगच्या नियमामुळे एकच सुटतो, त्यासाठी क्रॉसबो एक्स्पर्ट फीट (वेगळी घ्यायची खास क्षमता) लागतं. साधा लाँगबो घ्या.

ग्रेट वेपन फायटिंगमध्ये १ किंवा २ आला तर फासा एकदाच परत टाकायचा, परत १ आला तरी तो घ्यायचा. ग्रेटसोर्डला याने सरासरी १.३३ वाढतात, ग्रेटॲक्सला फक्त ०.८३. २०२४ मध्ये १ आणि २ सरळ ३ धरतात.

ढाल हे शस्त्र नाही, ड्युएलिंगचा +२ ढालीसोबत मिळतो. लाँगसोर्ड दोन हातांनी धरलीत की जातो.

प्रोटेक्शन (शेजारच्या मित्रावरचा वार ढालीने अवघड करायची स्टाइल) घेणारे रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नमध्ये करता येणारी एक कृती) विसरतात. मी कॅरेक्टरच्या माहितीच्या शीटवर कॅरमची सोंगटी ठेवायला लावतो, रिॲक्शन वापरली की ती बाजूला काढायची आणि आपली टर्न आली की परत ठेवायची. आणि मित्राच्या पाच फुटांत उभं राहायचं, तुम्ही एकटेच पुढे धावलात तर ही स्टाइल नुसती शीटवर राहते.

अजून एक, बाराव्या लेव्हलचं बिल्ड (पात्राची तयार आखणी) नेटवरून उचलून आणू नका. आमची बहुतेक कॅम्पेन सहाव्यासातव्या लेव्हलला संपतात, तिथवर तुम्ही अर्धवटच खेळत बसता. दोन सेशन खेळा, पार्टीत पुढे अजून कोण उभं राहतंय ते बघा, मग स्टाइल बदलायची असेल तर बोला. २०२४ मध्ये तर फायटरची लेव्हल वाढली की बदलता येतेच, आणि जुन्या नियमांनी खेळत असलो तरी माझ्या टेबलवर पहिली बदली फुकट आहे.