कुंपणावरचा शिकारी पक्षी: फोटो गाडीतूनच काढा

अमेरिकेतल्या मोंटाना-वायोमिंग राज्यांच्या रँचपट्ट्यात (गुरांच्या मोठ्या कुरणांच्या भागात) हिवाळ्यात कुंपणाच्या खांबावर रेड-टेल्ड हॉक हा लालसर शेपटीचा शिकारी पक्षी दिसला, तर गाडीतून उतरू नका. गाडीला तो बऱ्यापैकी सरावलेला असतो, माणूस उतरला की उडतो. लांबूनच हीटर बंद करून काच खाली घ्या. नाहीतर आतली गरम हवा थंडीत मिसळून लेन्ससमोर थरथरते, फोटो धूसर येतो आणि बोल बिचाऱ्या लेन्सला लागतो. इंजिन बंद, लेन्सखाली आधाराला तांदळाची पिशवी, शटर १/२००० सेकंद, ढगाळ आकाशापुढे पक्षी काळा पडू नये म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) +१. पक्षी पुढे झुकून शिटला, की तो उडण्याच्या बेतात असतो, बटणावर बोट ठेवाच. झेप बहुधा वाऱ्याकडे तोंड करून घेतो, म्हणून वारा तुमच्या पाठीशी हवा, म्हणजे तो तुमच्या दिशेने उडेल. तारेपलीकडे मात्र परवानगीशिवाय पाऊल नको. जमीन बहुतेकदा खासगी असते.