एफएफएमपेग जुनी फाइल उडवतं, त्यावर माझा उपाय

एफएफएमपेग म्हणजे कमांड देऊन व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर. आउटपुटला जे नाव दिलंय त्या नावाची फाइल आधीच असेल तर ते थांबून विचारतं, ओव्हरराइट करू का, आणि पुढे छोटा वाय, मोठा एन दिसतो. मोठा एन म्हणजे नुसतं एंटर मारलं की उत्तर 'नाही'. एक-दोन फायलींना ठीक आहे, पण रात्री चाळीस क्लिप्स लावून झोपलात तर सकाळी गडी तिसऱ्याच फाइलवर तुमच्या उत्तराची वाट बघत बसलेला असतो.

म्हणून लोक डोळे मिटून -वाय लावतात, म्हणजे विचारूच नको. गोची अशी की जुनी फाइल एन्कोडिंग संपल्यावर नाही, सुरू होतानाच रिकामी होते, त्यामुळे मधेच एरर आला तर जुनी गेली आणि नवी अर्धवट.

-एन उलटं, फाइल असेल तर हात न लावता बाहेर. मी हेच वापरायचो, मग एकदा बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ करताना लाइट गेली, आल्यावर स्क्रिप्ट परत चालवली, तर अर्धवट फाइल बघून -एन म्हणालं आहे की, आणि पुढे गेलं! एमपी४ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, सो ती फाइल उघडेचना. कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट केलं नव्हतं म्हणून वाचलो.

आता मी असं करतो:

एफएफएमपेग -नोएसटीडीइन -वाय -आय लग्न.एमओव्ही टेंप_लग्न.एमपी४ && एमव्ही टेंप_लग्न.एमपी४ लग्न.एमपी४

मधल्या && मुळे आधीचं काम यशस्वी झालं तरच पुढचं चालतं, आणि एमव्ही टेंप फाइलला पक्कं नाव देतं. लूपमध्ये, म्हणजे एकेक फाइल घेत जाणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, आधी लग्न.एमपी४ आहे का बघायचं, असेल तर पुढची फाइल. 'टेंप' नावाच्या पुढेच लावा, शेवटी लावलंत तर एक्स्टेन्शन बदलतं आणि फॉरमॅट कुठला ते त्याला कळत नाही. -नोएसटीडीइन (म्हणजे कीबोर्ड किंवा यादीतून काही वाचू नको) विसरू नका, नाहीतर यादीतलं एकेक नाव वाचत जाणाऱ्या व्हाइल-रीड लूपमधल्या यादीतली अक्षरं एफएफएमपेगच गिळतं आणि पुढच्या फाइलचं नाव मुंडकं उडालेलं येतं.

इनपुट-आउटपुटचं नाव एकच दिलं तर -वाय असूनही ते नकार देतं, पण तुलना फक्त नावाची, एकीकडे पुढे डॉट-स्लॅश लावलात तर फसेल, त्यावर विसंबू नका.

आणि हो, -नोएसटीडीइन असताना क्यू दाबून ते थांबत नाही, पण ते न लावता चालवलंत आणि मधेच क्यू दाबून थांबवलंत तर ते त्याला यशच समजतं, म्हणजे एमव्ही चालणार आणि अर्धा व्हिडिओ पक्क्या नावाने बसणार. थांबवायचंच असेल तर कंट्रोल-सी.