वॉटर कूलिंगसाठी तांब्याची नळी कोठून घ्यावी

संगणक पाण्याने थंड ठेवण्यासाठी घरी वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) किंवा पाण्याची टाकी बनवताना लागणारी तांब्याची नळी संगणकाच्या दुकानात शोधण्यापेक्षा एसी आणि फ्रिजच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारावी. तेथे मऊ तांब्याच्या गुंडाळीतून हवी तेवढी नळी बहुधा कापून मिळते. मुंबईकरांना गुलालवाडीचा धातुबाजारही जवळ आहे, आणि तेथे पितळी नळीचे तुकडेही मिळू शकतात.

खरी गफलत होते ती मापात. एसीची नळी बाहेरच्या व्यासावर, तीही इंचात मोजली जाते. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर, तीन अष्टमांश म्हणजे 9.5 आणि अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. वॉटर कूलिंगमध्ये कडक नळी जोडण्यासाठीच्या तयार फिटिंग (जोड) मात्र 12, 14 किंवा 16 मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे अर्ध्या इंचाची नळी 12 च्या फिटिंगमध्ये शिरतच नाही. साडेनऊ मिलिमीटरची नळी 10 मिलिमीटर आतील व्यासाच्या लवचीक नळीत सरकवून वर क्लॅम्प आवळणे हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. व्यास अचूक मोजण्यासाठी व्हर्नियर कॅलिपर सोबत न्यावा. दुकानदाराचा ‘अर्धा इंची’ हा शब्द पुरेसा नसतो.

अ‍ॅल्युमिनियमची नळी स्वस्त पडली तरी घेऊ नये, कारण एकाच पाण्यात तांबे असेल तर अ‍ॅल्युमिनियम झिजत जाते. नळी करवतीऐवजी पाइप कटरने कापावी, आतली कड घासावी आणि डाख दिल्यावर फ्लक्स (डाख नीट धरावा म्हणून लावलेले रसायन) गरम पाण्याने पूर्ण धुऊन काढावा.