फिल्टर लावला आणि शार्पनेस गेला? या चुका टाळा

नवी 150-600 मिमीची टेली (दूरचं जवळ आणणारी) लेन्स, भिगवणचे रोहित पक्षी, आणि 600 मिमीला एकही फ्रेम शार्प नाही. मग एएफ (ऑटोफोकस) फाइन ट्यूनचे, म्हणजे फोकस पुढे-मागे सरकवणाऱ्या सेटिंगचे, आकडे फिरवले जातात, लेन्स सर्व्हिस सेंटरला जाते आणि 'दोष नाही' म्हणून परत येते. लेन्सच्या तोंडावरचा स्वस्तातला यूव्ही (अतिनील किरण अडवणारा) फिल्टर काढून बघायचं मात्र कुणाला सुचत नाही.

18 मिमीला एफ/5.6 (लेन्सच्या छिद्राचा आकडा) वर एका बिंदूचा प्रकाश फिल्टरच्या जेमतेम 3 मिमी तुकड्यातून आत येतो. 600 मिमीला एफ/6.3 वर तो 95 मिमीतून येतो, म्हणजे जवळपास अख्खी काच कामाला लागते आणि तिचा जरासा उंचसखलपणाही भोवतो. फेज डिटेक्शन ही एएफची पद्धत लेन्सच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा जुळवून फोकस ठरवतं. त्याच बिघडल्या की फोकस भलतीकडे बसतो. नेमका बसला तरी पिसं सॉफ्ट राहतात आणि मागच्या गवताला दुहेरी कडा येतात.

खात्री करायची तर सकाळी, हवा तापायच्या आत करा. भिंतीवर वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवा, 10-15 मीटरवर ट्रायपॉड लावा, स्टॅबिलायझर बंद करा. फिल्टरसह पाच आणि फिल्टरविना पाच फोटो काढा, प्रत्येक वेळी फोकस मुद्दाम बिघडवून आणि एएफने पुन्हा घेऊन. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं चित्र) 10 पट मोठा करून दोन्ही प्रकारे हाताने फोकस करा. फिल्टर असताना हातानेही अक्षरं सॉफ्टच येत असतील तर दोष काचेचा आहे. फाइन ट्यूनला हात लावू नका.

डिजिटल सेन्सरपुढे यूव्ही अडवणारा थर असतोच. म्हणून टेलीवर यूव्ही फिल्टर नकोच, हूड (लेन्सपुढची नळी) पुरे. समुद्राच्या खाऱ्या तुषारांत लावावाच लागला तर चांगला मल्टिकोटेड घ्या.

दुसरी चूक घाईची: 10 स्टॉपचा एनडी (प्रकाश कमी करणारा गडद फिल्टर; प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा) आधी लावायचा आणि मग शटर अर्धं दाबत बसायचं. प्रकाशाचा हजारावा हिस्सा उरतो, एएफ फोकस शोधत मागेपुढे फिरत (हंट करत) राहतं. आधी फ्रेम ठरवा, एएफने फोकस घ्या, स्विच एमएफवर (हाताने फोकस) टाका, मगच फिल्टर फिरवून बसवा. तेव्हा फोकस रिंगला धक्का लागतो, म्हणून मी तिच्यावर चिकटपट्टी लावायला सांगतो. नवशिके स्विचची पायरी गाळतात आणि 30 सेकंदांची फ्रेम वाया घालवतात.

डीएसएलआरवर जुना लिनियर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) नको. अर्धपारदर्शक आरशामुळे एएफ आणि मीटरिंग (प्रकाश मोजणं) दोन्ही चुकू शकतात. सर्क्युलर वापरा, पण तोही दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, संध्याकाळी काढून ठेवा. पुढचा भाग फिरणाऱ्या जुन्या किट लेन्सवर फोकस आधी घ्या, पोलरायझर नंतर फिरवा. व्हेरिएबल एनडी (फिरवून गडदपणा बदलणारा) टेलीवर नकोच. फिल्टरवर फिल्टर चढवू नका.

500 एफ/4 सारख्या मोठ्या लेन्सच्या मागच्या खाचेतला ड्रॉप-इन फिल्टर मात्र काढून ठेवू नका. त्या काचेचा हिशोब लेन्सच्या रचनेतच धरलेला असतो.